शहरात पाऊल टाकण्याचा गुन्हा

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं पाठोपाठ येतात. तेवढ्या वेळात गाडी कल्याण-डोंबिवली महापालिका, उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांच्या हद्दी ओलांडते. डब्यात कुणाला ते जाणवतही नाही. अंबरनाथ पूर्वेला पालेगावात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत टेम्पो भरभरून सामान येतं, माणसं राहायला लागतात. सोसायटीच्या रखवालदाराखेरीज कुणी विचारत नाही की तुम्ही कुठले, आणि या गावात शिरायला तुमच्याकडे कोणता कागद आहे.

हे न विचारणं आपल्याला हवेइतकं स्वाभाविक वाटतं. पण याच पट्ट्यात, जिवंत माणसांच्या आठवणीत, हा कागद विचारला गेला आहे. काहींना तो आजही विचारला जातो. एखाद्या शहराच्या हद्दीत नुसतं पाऊल टाकलं म्हणून माणसाला कैद होऊ शकते, अशी तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात या क्षणी आहे. ती कुणाला लागू होते, कुणाला नाही, आणि हे ठरतं कसं, याचा माग काढत गेलं की कल्याणपलीकडचा हा भाग कसा घडला याचीच गोष्ट हाती लागते.

उल्हासनगरपासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. ६,००० सैनिक आणि आणखी ३०,००० माणसांची सोय, २,१२६ बराकी, १,१७३ निवासस्थानं. बराक म्हणजे मधोमध एक लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. आणि मग फाळणी झाली.

पंजाब आणि बंगाल दुभंगले, त्यामुळे तिथल्या निर्वासितांना निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत सीमेच्या अलीकडे होता. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना ‘आपला’ म्हणावा असा वीतभर तुकडाही इकडे नव्हता. सिंधमध्ये सुरुवातीला पंजाबसारखी कत्तल झाली नाही, म्हणून अनेकांनी घरं सोडली नव्हती. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि उरलासुरला धीर सुटला. रेल्वेने मारवाडमार्गे आणि बोटीने ओखा, वेरावळ, मुंबई अशा बंदरांत माणसं उतरू लागली. मुंबई कराचीकरांना परकी नव्हती. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. व्यापार, शिक्षण, कोर्टकचेऱ्या यांचे धागे जुने होते. बोटीतून उतरलेल्या माणसाला मुंबईतच राहायचं होतं.

मुंबई सरकारला ते नको होतं. बाळासाहेब खेर प्रांताचे प्रमुख होते, गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. शहरात जागा नव्हती, धान्य रेशनवर होतं. १९४८ साली प्रांताने ‘बॉम्बे रेफ्युजीज ॲक्ट’ केला. निर्वासितांची नोंदणी सक्तीची झाली आणि त्यांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवण्याचा, कुणी कुठे राहावं हे सांगण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. रिकाम्या लष्करी छावण्या तयारच होत्या: कल्याण, पिंपरी, कोल्हापूरजवळ वळिवडे. (वळिवड्याच्या त्याच छावणीत युद्धकाळात पोलंडचे हजारो निर्वासित राहून गेले होते. एका परागंदा समाजाची घरं दुसऱ्याच्या वाट्याला आली आणि तिथे आज गांधीनगरची बाजारपेठ आहे. ही साखळी मला प्रत्येक वेळी थक्क करते.)

त्या कायद्याखाली आलेली माणसं परदेशी नव्हती. वर्षभरापूर्वी त्यांचा देश आणि मुंबईकरांचा देश एकच होता. तरीही मुंबई नावाच्या शहरात राहायचं की साठेक किलोमीटरवरच्या बराकीत, हे त्यांच्या इच्छेवर सोडलेलं नव्हतं. बराकीच्या दालनात गोणपाटाचे, साड्यांचे पडदे लावून कुटुंबांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव आलं. तिथली माणसं पत्ता सांगताना अजूनही ‘कॅम्प दोन’, ‘कॅम्प चार’ असंच म्हणतात. शहर झालं, १९६० साली नगरपरिषद आणि १९९६ साली महापालिका आली, तरी छावणी पत्त्यातून गेली नाही. आज लाखो माणसांचं हे शहर जिथे आहे तिथे असण्यामागे मुंबईने वेशीवर उभा केलेला एक कायदा आहे, हे आपण शाळेत कधी शिकलो नाही.

याच सुमारास दिल्लीत एक तारीख ठरली. ती अजून आपल्या संविधानात छापलेली आहे. १९ जुलै १९४८. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परवाना लागू झाला. आधी अध्यादेश आणि मग १९४९ चा ‘इन्फ्लक्स फ्रॉम पाकिस्तान (कंट्रोल) ॲक्ट’. परवान्याविना आलेला माणूस गुन्हेगार. तात्पुरत्या भेटीचा परवाना वेगळा, कायम वसण्याचा वेगळा, गेलेल्यांच्या कायम परतीचा वेगळा. पासपोर्ट-व्हिसाची पद्धत दोन्ही देशांत ऑक्टोबर १९५२ मध्ये आली, तोवर हाच कागद चालला.

संविधानाचा अनुच्छेद ६ उघडून पाहा. ज्याचा, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म अविभाजित भारतातला, असा माणूस १९ जुलै १९४८ च्या आधी इकडे येऊन राहिला असेल तर तो आपोआप नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर आला असेल तर अर्ज, अधिकाऱ्याकडे नोंदणी, आणि अर्जाच्या आधी सलग किमान सहा महिने भारतात वास्तव्य. हा अर्ज संविधान लागू होण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आधी करायचा. आता साधी वजाबाकी करा. सहा महिने मागे गेलं की जुलै १९४९ चा शेवटचा आठवडा येतो. उल्हासनगरची कोनशिला बसली त्या दिवशी, ८ ऑगस्टला, कुणी नुकतंच सिंधमधून येऊन गर्दीत उभं असेल, तर त्याच्यासाठी हे दार बंद झालेलं होतं. एका बराकीत पडद्याच्या अलीकडचा भाऊ आपोआप नागरिक, पलीकडचा अर्जदार, आणि उशिरा पोचलेला मेहुणा यांपैकी काहीच नाही, हे घडणं सहज शक्य होतं. असे मधेच अडकलेले लोक पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या वाटेने आत आले.

अनुच्छेद ७ आणखी कठोर आहे. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो नागरिक नाही. कायम परतीचा परवाना घेऊन परत आला तरच त्याचा विचार. पण नुसता भेटीला गेलेला, मूळचा इथलाच, नागरिक असलेला माणूस परवान्याविना परतला तर? ‘इन्फ्लक्स’ कायद्याच्या कलम ७ नुसार सरकार अशा माणसाला नुसत्या रास्त संशयावरूनही देशाबाहेर घालवू शकत होतं. १९५४ साली ‘इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की नागरिकापुरतं हे कलम चालणार नाही. परवान्याचा नियम मोडल्याची शिक्षा नागरिकाला देता येईल. त्याला त्याच्याच देशातून हाकलता येणार नाही. भारतात कुठेही राहण्याचा आणि वसण्याचा हक्क अनुच्छेद १९ ने दिलेला आहे. प्रजासत्ताक चार वर्षांचं होतं, फाळणीची जखम ओली होती, आणि तरीही न्यायालय हे म्हणालं. मला हा निकाल वाचताना अभिमान वाटतो.

नागरिक आणि नागरिक नसलेला यांच्यातलं अंतर किती खोल असतं ते उल्हासनगरइतकं स्पष्ट क्वचितच दिसेल. पाकिस्तानी पासपोर्टवर येणाऱ्या माणसाला आपण जो व्हिसा देत आलो त्यावर देशाचं नाव पुरत नाही, गावांची नावं लागतात. ८ सप्टेंबर २०१२ ला इस्लामाबादेत झालेल्या व्हिसा कराराने भेटीला येणाऱ्याला तीनऐवजी पाच ठिकाणांची मुभा दिली, तेव्हा ती मोठी सवलत मानली गेली. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची. व्हिसावर उल्हासनगर आहे आणि अंबरनाथ नाही, अशा पाहुण्याने कॅम्प पाचमधल्या मावशीकडून निघून अंबरनाथच्या आत्याकडे जेवायला जाणं म्हणजे परवानगी नसलेल्या शहरात शिरणं. जमिनीवर त्या दोन गावांमध्ये घरांना घरं लागलेली आहेत. कायद्यात मात्र तिथे वेस आहे.

सिंधमधून पुढच्या दशकांतही हिंदू कुटुंबं उल्हासनगरला नातेवाइकांकडे येत राहिली आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, एलटीव्हीवर, राहिली. अशा माणसाला राहत्या ठिकाणापलीकडे मोकळेपणी जाता येत नसे. परवानगी काढावी लागे. २०१६ साली केंद्राने हा नियम सैल केला आणि ज्या राज्यात राहता त्या राज्यात कुठेही फिरा असं म्हटलं. त्याच निर्णयांत बँक खातं, वाहन परवाना, पॅन, आधार आणि राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा होती. म्हणजे २०१६ पर्यंत उल्हासनगरच्या एखाद्या बराकीत वाढलेल्या, इथल्या दुकानात काम करणाऱ्या एलटीव्हीधारक तरुणाला सासुरवाडी पुण्याची मिळाली तर आधी अर्ज लिहावा लागत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या अल्पसंख्याकांच्या नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचा अधिकार देशातल्या काही मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला गेला. त्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी होते. ठाणे जिल्ह्याचं नाव त्या छोट्या यादीत का आलं असेल, हे उल्हासनगर पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हाही हिंदूंचे एलटीव्ही कायम राहिले.

व्हिसा, पासपोर्ट, देशात शिरणं, देशातून काढणं ही सगळी केंद्राची सत्ता. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीची नोंद १७ नागरिकत्व आणि परकीय यांची, नोंद १९ भारतातील प्रवेश आणि हकालपट्टीची. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारं स्थलांतर हेसुद्धा केंद्राकडेच, नोंद ८१. १ सप्टेंबर २०२५ पासून या विषयातले चार जुने कायदे जाऊन एकच ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट’ आला; वैध कागदांविना भारतात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा देशाच्या सीमेशी बांधलेला आहे. अंबरनाथला वेगळा, मुंबईला वेगळा असं काही नाही.

मग नगरपालिकेच्या हाती काय उरतं? बाराव्या अनुसूचीत तिच्यासाठी अठरा विषय आहेत: पाणी, रस्ते, दिवाबत्ती, आग, स्मशानं, कोंडवाडे. अंबरनाथची नगरपरिषद मोकाट गुराला कोंडवाड्यात घालू शकते, माणसाला वेशीवर अडवू शकत नाही. बाहेरून आलेल्यांना गावबंदी, असा ठराव एखाद्या सभेने एकमताने केला तरी त्याला कागदाइतकीच किंमत.

हे जगात सगळीकडे असं नव्हतं. इंग्लंडच्या १६६२ च्या सेटलमेंट कायद्याने परगावचा गरीब माणूस आपल्यावर पोसण्याची वेळ आणेल असं वाटलं तर चाळीस दिवसांच्या आत त्याला त्याच्या गावी परत धाडण्याची सोय केली होती. अमेरिकेत १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ पोलीस थेट कॅलिफोर्निया राज्याच्या सीमांवर उभे केले. दुष्काळाने देशोधडीला लागलेले ओक्लाहोमा-टेक्सासचे लोक येत होते, तेही अमेरिकनच. एका शहराच्या पोलिसांनी अख्ख्या राज्याची वेस राखायला निघावं! कॅलिफोर्नियात निर्धन परप्रांतीयाला राज्यात आणणं हा गुन्हाही होता. फ्रेड एडवर्ड्स नावाचा गृहस्थ टेक्सासला जाऊन बायकोच्या बेकार भावाला गाडीतून घेऊन आला आणि त्याबद्दल दोषी ठरला. १९४१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने तो कायदा रद्द केला. पुढे २००६ साली पेनसिल्व्हेनियातल्या हेझल्टन या छोट्या शहराने कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसांना घर भाड्याने देणाऱ्या मालकांना दंड करायचा नियम केला. न्यायालयांनी तोही टिकू दिला नाही. शहराला स्वतःचं परराष्ट्र धोरण नसतं, हे तिथेही पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

आपल्याकडे घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. पोलीस आयुक्तांचा तसा मनाई आदेश निघतो आणि माहिती न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा ठरतो. पालेगावात वन बीएचके भाड्याने देणाऱ्याला हा फॉर्म ओळखीचा असेल. पण फरक पाहा: जबाबदारी कळवण्याची आहे. भाडेकरूने यायचं की नाही, हे पोलीस ठरवत नाहीत.

इथवर वाचून वाटेल की भारतीय नागरिकाला भारतातल्या कुठल्याही शहरात जाण्यापासून कुणी रोखू शकत नाही. पण तडीपारी आहेच की. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये येतो आणि स्थानिक वर्तमानपत्रांत ‘अमुक जण दोन वर्षांसाठी तडीपार’ ही बातमी निवडणुका किंवा सण जवळ आले की हमखास दिसते. आपण ती वाचून पान उलटतो. ती बातमी म्हणजे एका नागरिकासाठी शहराचं दार बंद झाल्याची नोंद आहे, आणि त्यामागची यंत्रणा फार विलक्षण आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. कलम ५५ टोळ्यांसाठी, ५७ शिक्षा झालेल्यांसाठी, आणि सर्वांत जास्त वापरलं जाणारं ५६. या ५६ साठी दोषसिद्धी लागत नाही. माणसाच्या वागण्याने लोकांत भय, धोका किंवा इजा होते, किंवा तो हिंसेचे गुन्हे करतो असं मानायला वाजवी कारण आहे, आणि साक्षीदार भीतीने उघड बोलायला तयार नाहीत, असं पोलिसांना वाटलं पाहिजे. आयुक्तालयाच्या क्षेत्रात हा हुकूम बहुधा पोलीस उपायुक्त काढतात, ग्रामीण भागात प्रांताधिकारी. आधी कलम ५९ ची नोटीस. तीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवतात, साक्षीदारांची नावं नाहीत. माणसाला वकील देता येतो, आपले साक्षीदार आणता येतात. मग लेखी हुकूम: या क्षेत्राबाहेर जा, इतक्या वेळात जा, आणि अमुक मार्गाने जा. हो, कोणत्या वाटेने जायचं हेही हुकमात सांगता येतं. कमाल मुदत दोन वर्षं. तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. मधे कोर्टाची तारीख असो की घरातलं कार्य, लेखी परवानगी काढल्याशिवाय आत यायचं नाही. आलात तर कलम १४२: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एरवी निरुपद्रवी असलेली कृती, म्हणजे आपल्याच स्टेशनवर लोकलमधून उतरणं, त्या माणसापुरती गुन्हा होते.

क्षेत्र किती मोठं? शहर आणि त्याला लागून असलेले जिल्हे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्हा अशा दोन्हींतून केलेली तडीपारी आली आणि न्यायालयाने ती उचलून धरली. हुकूम परिणामकारक कसा होईल हे प्रथम पोलिसांनी पाहायचं, असं म्हटलं. मुंबईतून काढलेला माणूस कल्याणला खोली घेऊन लोकलने रोज येऊ शकतो, हे तेव्हाही उघड होतं. ज्या रेल्वेने हा पट्टा वसवला तिनेच तडीपारीचा परीघ वाढवला आहे.

या सत्तेची कसोटी संविधान लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी लागली, आणि ती एका मराठी पुढाऱ्यामुळे. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे, मध्य प्रांताचे एके काळचे मुख्यमंत्री आणि तेव्हा हिंदू महासभेचे अध्यक्ष, यांना दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी तीन महिने दिल्लीबाहेर राहण्याचा हुकूम दिला. मे १९५० मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी तो वैध ठरवला, दोघे विरोधात गेले. त्या दोघांचं म्हणणं मला आजही जास्त पटतं: माणसाला त्याच्या राहत्या जागेतून किती काळ दूर ठेवायचं याला नीट मर्यादा नसेल आणि आरोप तपासून पाहायला कुणी तटस्थ नसेल, तर ते बंधन वाजवी म्हणता येणार नाही. बहुमत वेगळं होतं आणि १९५६ साली मुंबईच्या कायद्याचं कलम ५७ ही न्यायालयाने मान्य केलं. पण त्या अल्पमताचा सूर हळूहळू परतत गेला. जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका माणसाची दोन वर्षांची तडीपारी रद्द करताना सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, आणि पूर्ण दोन वर्षं घालवायची तर तेवढीच का हे हुकमात दिसलं पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयही जुने, शिळे गुन्हे मोजून किंवा कारण न देता चार-चार जिल्हे जोडून काढलेले हुकूम सातत्याने रद्द करत आलं आहे.

मी मुद्दाम सांगायचं राखून ठेवलं ते पुढे. कलम ५६ मध्ये गुंडांच्या जोडीने आणखी एक माणूस बसवलेला आहे. बाहेरून येऊन राहिलेल्याच्या वास्तव्यामुळे साथीचा रोग उद्भवण्याचा संभव असेल, तर त्यालाही हद्दीबाहेर काढता येईल. तो परदेशी असावा अशी अट त्या ओळीत नाही. त्याने काही करावं लागत नाही. तो बाहेरचा आहे आणि इथे राहतो आहे, एवढं पुरतं.

ही ओळ आली कुठून? १९५१ च्या आधी मुंबईत १९०२ चा सिटी ऑफ बॉम्बे पोलीस ॲक्ट होता. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं कलम २७ तपासलं तेव्हा त्यात ‘मोठ्या संख्येने आलेले कंगाल’ आणि त्यांच्यामुळे पसरणारी साथ असाच उल्लेख होता. १९०२ हे साल डोळ्यांपुढे आणा. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झालेला, १८९७ चा साथरोग कायदा झालेला, रेल्वे स्टेशनांवर बायाबापड्यांच्या काखा-जांघा तपासणं चाललेलं. आणि १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, ज्यात उपाशी माणसं शहराकडे चालत आली. त्या काळाचं भय कायद्याच्या एका ओळीत गोठलं आणि ‘कंगाल’ हा शब्द गळून ती ओळ स्वतंत्र भारताच्या कायद्यात आली, असं मला वाटतं. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवेतून येतो हे कळूनही आता शतक उलटलं.

गरीब आहे आणि बाहेरचा आहे म्हणून परत पाठवणं मुंबईने नंतरही करून पाहिलं. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. सेलमहून आलेल्या एका मजुराची झोपडी पाडून त्याला बसमध्ये बसवून सेलमला पाठवलं गेलं. तो कामाच्या शोधात परत मुंबईला आला आणि पुन्हा पदपथावर राहू लागला. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात हे सगळं आलं. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. पदपथ रिकामे करण्याची मुभा पालिकेला राहिली. माणूस मुंबईत आला हा मात्र गुन्हा राहिला नाही.

आणि मग २०२०. करोनाच्या टाळेबंदीत महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागू लागला. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तो होता. बदलापूरच्या माणसाला रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला जायचं तर पोलिसांची परवानगी. त्याच मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्या आपल्याच रहिवाशांनी तिकडेच राहावं, रोज ये-जा करू नये, असा आदेश काढला. परिचारिका, सफाई कामगार, बेस्टचे चालक. घर कल्याणला, आणि घरी येणं म्हणजे संसर्ग आणणं. तो आदेश विरोधापुढे फार टिकला नाही, पण त्या काही दिवसांत एका स्थानिक संस्थेने आपल्या माणसांना बाहेरचं ठरवून पाहिलं.

साथ आवरायला निर्बंध लागतात, हे मी मानतो. विलगीकरण हवं, तपासणी हवी, प्रसंगी प्रवासबंदीही हवी. त्यासाठी साथरोग कायदा आहे, आपत्ती व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा आहे, आणि त्यांत बंधन आजाराच्या प्रसारावर येतं, सगळ्यांवर सारखं येतं. कलम ५६ मधली ती ओळ बंधन आणते ते माणूस कुठून आला यावर. ज्या जिल्ह्यात निर्वासितांच्या छावणीतून शहर उभं राहिलं, ज्या तालुक्यात दर पावसाळ्यानंतर नवी संकुलं नव्या माणसांनी भरतात, तिथल्या आमदारांनी ही ओळ एकदा सभागृहात वाचून दाखवावी आणि ती वगळण्याचं दुरुस्ती विधेयक मांडावं. पोलीस अधिनियमात आजवर कितीतरी दुरुस्त्या झाल्या आहेत. ही एका वाक्याची आहे.